वगळले, कारण घरगुती

तपासणीच्या नमुन्यातला सतरावा प्रश्न नानांनी चार वेळा वाचला आणि पाचव्यांदा वाचताना त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. नानांनी एखाद्या कागदाखाली रेघ ओढली की तो कागद त्यांच्या मनाला लागला असं समजायचं. प्रश्न असा होता : ‘कार्यालयातच तयार केलेल्या प्रोग्रॅमचे आउटपुट यंत्रणेच्या लॉगमध्ये जाते काय? जात नसल्यास असे प्रोग्रॅम बंद करावेत.’

वाचनालयात तयार झालेला प्रोग्रॅम एकच होता आणि तो नानांनी तयार केला होता. त्याचं नाव ‘थकीत’. सकाळी अकराच्या ठोक्याला नाना आपल्या टेबलावरच्या काळ्या पडद्यावर ‘थकीत’ असं टाइप करायचे, एन्टर दाबायचे आणि चहाला जायचे. प्रोग्रॅम बिचारा सभासदांची एकेक नोंद उघडून बघायचा, ज्याने पुस्तक मुदतीत परत केलं नसेल त्याचा क्रमांक पडद्यावर लिहायचा, दम खाल्ल्यासारखा दोन सेकंद थांबायचा आणि पुढच्याकडे वळायचा. सात-आठ मिनिटांत सगळं आटपायचं. नाना चहा संपवून यायचे, यादी छापायचे, खाली सही करायचे आणि लाल नाडीच्या फायलीत लावायचे. अकरा वर्षांच्या अशा अकरा फायली कपाटात उभ्या होत्या. यादी वाचून कोणी पुस्तक परत आणून दिल्याचं उदाहरण नव्हतं, कारण यादी कोणी वाचतच नव्हतं. पण तो काही यादीचा दोष नव्हे.

नाना वाचनालयात आवक-जावक बघायचे. समोरून त्यांना सगळे ‘नाना’ म्हणत आणि मागून ‘नोंदवही’. दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर क्रमांक टाकले होते. हे माझं, असं बोट दाखवून सांगावं असं एकच काम त्यांच्या हातून झालं होतं, आणि तेच आता सतराव्या प्रश्नाने सुळावर चढवलं होतं.

ते नमुना घेऊन मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे नव्या ग्रंथपाल. वयाने नानांच्या लेकीएवढ्या, पण खुर्चीने मोठ्या.

“मॅडम, लॉगचं काय एवढं? आपल्याकडे अकरा फायली आहेत. तारखेनिशी, सहीनिशी.”

“नाना, कागदाचं काय, कोणीही काहीही छापेल,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. “लॉग म्हणजे यंत्राने स्वतः ठेवलेली नोंदवही. त्यात एकदा गेलं की मागाहून बदलता येत नाही, म्हणून तपासनीस तेच बघतात. पंधरा दिवस आहेत. जमलं तर बघा, नाहीतर बंद करू. आता वाचतं तरी कोण ती यादी?”

नाना बाहेर आले. कोणीही काहीही छापेल हे वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. आणि एखादं वाक्य एवढं जिव्हारी लागतं, तेव्हा ते बहुधा खरं असतं.

कारण नाना रोज छापण्याआधी यादीतली एक ओळ पुसत होते.

ती ओळ सभासद क्रमांक अठ्ठ्याऐंशीची होती, आणि सभासद क्रमांक अठ्ठ्याऐंशी म्हणजे नानी. बारा वर्षांपूर्वी नानांना संगणक शिकायची हुक्की आली. वाचनालयात त्यावरचं एकच जाडजूड पुस्तक होतं आणि कर्मचाऱ्याला कुठलंही पुस्तक सातच दिवस मिळायचं. सात दिवसांत नाना प्रस्तावनेच्या पुढे सरकले नाहीत. तेव्हा नानींनी स्वतःच्या कार्डावर ते पुस्तक नेलं. त्याच पुस्तकावर नाना प्रोग्रॅम लिहायला शिकले, त्याच पुस्तकाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने शंका लिहिल्या आणि खोडल्या, आणि ते पुस्तक परत करायची वेळ आली तेव्हा त्यांच्याने करवेना. मग ‘थकीत’ तयार झाला, आणि पहिल्याच दिवशी त्याने इमानदारीत पहिला क्रमांक काढला तो अठ्ठ्याऐंशी. म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. नानांनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली : अठ्ठ्याऐंशी आला की सोडून दे.

आता दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण नाना पडले आवक-जावकचे. एखादी गोष्ट वगळायची आणि वगळली म्हणून कुठेच लिहायचं नाही, हे त्यांच्या रक्तात बसेना. म्हणून त्यांनी आणखी एक ओळ वाढवली, आणि तेव्हापासून रोज पडद्यावर उमटू लागलं : ‘सभासद ८८ : वगळले. कारण : घरगुती.’ एवढं झाल्यावर त्यांचं मन शांत झालं. छापण्याआधी ती ओळ पुसली की काम भागायचं. चोरी करायची, पण रीतसर पावती फाडून करायची, असा हा प्रकार होता.

त्या संध्याकाळी नाना जिना चढत होते तेव्हा वरच्या मजल्यावरचे टाइमकीपर खाली येत होते. टाइमकीपर कारखान्यातून निवृत्त झाले त्याला आठ वर्षं झाली, पण जिन्यात कोणी भेटलं की आधी मनगटावरचं घड्याळ बघायची सवय गेली नव्हती. सल्ला द्यायचीही. कोणाच्या घरी गळका नळ असो की जुळत नसलेलं लग्न असो, टाइमकीपरांच्या कारखान्यात तसंच एकदा झालेलं असे.

“लॉग ना? सोपं आहे,” ते म्हणाले. “आमच्याकडे मशिनचं सगळं एका फाइलीत जायचं. तुम्हीही प्रोग्रॅम फाइलीत सोडा. बाणासारखं चिन्ह देतात बघा, ते द्या.”

दुसऱ्या दिवशी नानांनी बाण दिला. यादी खरोखर फाइलीत जाऊन पडली. नानांनी पाच दिवस बाण मारला आणि पाचव्या दिवशी ऐटीत फाइल उघडली, तर आत फक्त पाचव्या दिवसाची यादी. बाण रोज आधीचं सगळं पुसून नवं लिहीत होता. आवक रजिस्टरचं कालचं पान फाडून त्या जागी आजचं चिकटवणारा कारकून नानांनी बत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी त्या फाइलीकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही.

मग त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात संगणकाच्याच कंपनीत होती आणि बाबांचा फोन आला की आधी खोलीचं दार लावून घ्यायची.

“बाबा, फाइल नको. यंत्रणेच्या लॉगमध्येच पाठवायचं ना? एका ओळीचं काम आहे. आधी तुमच्या प्रोग्रॅमचं नाव, मग उभी दांडी, मग लॉगर. संपलं.”

“उभी दांडी म्हणजे?”

“उभी रेघ हो. ती नळीसारखी असते. अलीकडचा प्रोग्रॅम जे बोलेल ते पलीकडच्याच्या तोंडात जातं. लॉगर ते घेतो आणि तारीखवार लॉगमध्ये टाकतो.”

“अर्ज वगैरे?”

“लिहायला काही लागत नाही. कोणीही लिहू शकतं. वाचायला मात्र परवानगी लागते.”

नानांनी हे मनात दोनदा घोळवून पाहिलं. लिहायला कोणालाही मुभा, वाचायला मात्र परवानगी! ही यंत्रणा ज्याने कोणी बनवली त्याने आधी कुठल्या तरी कार्यालयात काढली असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही.

उभी दांडी शोधण्यात एक दिवस गेला. नानांनी आकडा एक वापरून पाहिला, इंग्रजी एल वापरून पाहिला. यंत्राने दोन्ही वेळा असा काही प्रोग्रॅमच नाही म्हणून कळवलं. अकरा वर्षं रोज चालणारा प्रोग्रॅम नाही म्हणतं म्हणजे काय, म्हणून नाना यंत्रावर रागावले. शेवटी काउंटरवाल्या बाईंनी आपल्या कळफलकावर एन्टरच्या वरची कळ दाखवली. नानांच्या कळफलकावर त्या कळीवरची रेघ झिजून गेली होती, कारण नाना अकरा वर्षं एन्टर जरा जोरातच मारत आले होते आणि तर्जनी वरच्या कळीवर घासत होती.

आता फक्त पातळी ठरवायची होती. लेकीने सांगितलं होतं की लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुराला आठ पातळ्या असतात. तळाला नुसतं तपासापुरतं, मग माहिती, साधी सूचना, इशारा असं करत करत सगळ्यांत वर आणीबाणी. “तुम्ही काहीच दिलं नाहीत तर साधी सूचना म्हणून जाईल, तेवढं पुरे,” असं ती म्हणाली होती.

पण साधी हा शब्द नानांच्या घशाखाली उतरेना. साध्या कागदाचं काय होतं हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक? बालविभागाचं छप्पर गळत होतं तेव्हाचं पत्र त्यांनी साधं म्हणून पाठवलं होतं. त्याचं उत्तर आलं तेव्हा गळतीखालचं कपाट कुजून भंगारात गेलं होतं, आणि उत्तरात कपाटाची सद्यस्थिती विचारली होती. त्यानंतर नानांनी लाल चिठ्ठीशिवाय कागद पाठवला नाही. शाई संपल्याचं पत्रसुद्धा ‘अति तातडीचे’. सगळी कार्यालयं तेच करत होती, त्यामुळे ‘अति तातडीचे’ म्हणजे साधं, आणि ‘साधे’ म्हणजे फेकून द्या, असा अर्थ सर्वत्र रूढ झाला होता.

जिन्यात टाइमकीपरांनीही दुजोरा दिला. “वरची पातळी द्या हो नाना. खालच्या पातळीचं कोण वाचतं? आमच्या कारखान्यात भोंगा वाजल्याशिवाय कोणी मान वर करत नसे.”

तेव्हा नानांनी आणीबाणी दिली. आणीबाणीच्या पातळीवरचा मजकूर यंत्रणा नुसता लिहून ठेवत नाही, तर त्या घटकेला जितके पडदे चालू असतील तितक्यांवर तो झळकवते आणि वर घंटी वाजवते, हे लेकीने सांगितलं नव्हतं. बाबा थकीत पुस्तकांसाठी आणीबाणी पुकारतील हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

वाचनालयात असे नऊ पडदे होते. दोन काउंटरवर, एक मॅडमच्या टेबलावर, एक नानांच्या, आणि पाच वाचन कक्षात, वाचकांना पुस्तकं शोधण्यासाठी.

सकाळी अकराला नानांनी ‘थकीत’ लिहिलं, उभी दांडी दिली, लॉगर लिहिलं, पातळी आणीबाणी दिली, एन्टर मारला आणि मागे वळूनही न बघता मॅडमच्या केबिनकडे निघाले. हातात अर्ज होता : ‘यंत्रणेचा लॉग वाचण्याची परवानगी मिळणेबाबत’. आपण रोज लॉगमध्ये लिहिणार आणि आपल्यालाच ते वाचता येणार नाही, म्हणून तीन प्रतींत केला होता.

मॅडमनी अर्ज हातात घेतला. पहिली ओळ वाचली असेल नसेल, तोच त्यांच्या पडद्यावर टुण झालं.

“हे काय?” मॅडम म्हणाल्या.

पडद्यावर होतं : ‘आणीबाणी. थकीत पुस्तकांची यादी. विषय : वरीलप्रमाणे.’

दोन सेकंदांनी पुन्हा टुण. ‘सभासद १७ : थकीत, चार वर्षे.’ टुण. ‘सभासद ३१ : थकीत, सहा वर्षे एक महिना.’ आणि आता केबिनच्या काचेपलीकडून तसाच आवाज येऊ लागला, एकाच वेळी आठ ठिकाणांहून. वाचन कक्षात एरवी पानं उलटल्याचा आवाज झाला तरी लोक वळून बघायचे. तिथे दर दोन सेकंदांनी पाच यंत्रं एका सुरात टुण करू लागली.

“नाना, हे तुमचं आहे?”

“हो,” नाना म्हणाले. मनात कुठेतरी, सांगू नये पण सांगतो, जरा बरंही वाटत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी यादी वाचत होतं.

“थांबवा.”

नाना निघाले, आणि तेवढ्यात त्यांना आठवलं की साठ, सत्तर, ऐंशी झाले की पुढे काय येतं. ते केबिनच्या दारापर्यंत पोचले आणि मागे टुण झालं. मॅडमनी मोठ्याने वाचलं, “सभासद अठ्ठ्याऐंशी, वगळले. कारण, घरगुती.”

नाना दारात थिजले. काचेतून त्यांना वाचन कक्ष दिसत होता. वर्तमानपत्र वाचणारी मंडळी पडद्यांभोवती गोळा झाली होती आणि त्यांत पुढे, नाकावर चष्मा चढवून, टाइमकीपर होते. अठ्ठ्याऐंशी कोण हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी नानांकडे पाहिलं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना टाइमकीपरांनी सांगितलं.

नानांनी आपल्या टेबलापर्यंत जाऊन प्रोग्रॅम थांबवायला हवा होता. पण यादी अर्ध्यात तोडायची, म्हणजे अठ्ठ्याऐंशीपर्यंतच्यांना चव्हाट्यावर आणायचं आणि पुढच्यांना सूट द्यायची, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. आधीच एक वगळून व्हायची ती शोभा झाली होती. ते टेबलापाशी हात बांधून उभे राहिले आणि त्यांनी यादी पुरी होऊ दिली. चारशे बारावर वाचन कक्षात हशा पिकला. सभासद चारशे बारा म्हणजे टाइमकीपर, आणि त्यांच्याकडे तीन वर्षं थकलेलं पुस्तक वक्तशीरपणाचं महत्त्व या विषयावरचं होतं. दोनशे चौदाव्या टुणनंतर यंत्रं गप्प झाली. तेव्हा झालेली शांतता त्या वाचनालयातली आजवरची सगळ्यांत खोल शांतता असावी.

मॅडमनी तासाभरात ज्ञापन दिलं. नानांच्या नोकरीतलं पहिलं. ‘घरगुती कारण म्हणजे काय, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.’ ते ज्ञापन आवक रजिस्टरात नानांनीच नोंदवलं, कारण दुसरं कोण नोंदवणार? अक्षर नेहमीपेक्षा जरा वाकडं आलं एवढंच.

मात्र त्याच दुपारी एक नवल घडलं. पुस्तकं परत येऊ लागली. वाचन कक्षातल्यांनी घरी जाऊन सांगितलं, त्यांनी शेजारी सांगितलं, आणि चार वाजेपर्यंत काउंटरची रांग जिन्यापर्यंत गेली. कोणी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं, कोणी पिशवीत भाजीखाली लपवून. एक गृहस्थ म्हणाले की माझा क्रमांक पडद्यावरून तेवढा काढा, हवी तर दोन पुस्तकं घ्या. वाचनालय बंद होईपर्यंत एकाहत्तर पुस्तकं आली. काउंटरवाल्या बाईंनी मोजून नानांना सांगितलं, आणि नानांनी तो आकडा कागदावर लिहून खिशात ठेवला.

घरी पोचेपर्यंत बातमी पोचली होती. टाइमकीपर वक्तशीर नसले तरी बातमीच्या बाबतीत कधी मागे राहिले नाहीत. नानी स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

“काय हो, मी वगळलेली आहे म्हणे.”

“अगं, ते तुझ्या भल्यासाठीच. यादीत तुझा क्रमांक यायला नको म्हणून...”

“पुस्तक कोणी वाचलं?”

“मी.”

“परत कोणाला करवेना?”

“मला.”

“आणि नाव कोणाचं?”

नानींनी कपाट उघडलं आणि साड्यांच्या खालून ते जाड पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. नानांना वाटलं होतं की ते माळ्यावर आहे.

“बारा वर्षं मी त्या वाचनालयात पाऊल टाकलं नाही,” नानी म्हणाल्या. “तुम्हाला वाटलं मला वाचायची आवड राहिली नाही. मला लाज वाटायची. दुसरं पुस्तक मागायला गेले असते तर बाईंनी आधी हे मागितलं असतं.”

हे नानांना ठाऊक नव्हतं. शेकडो सभासदांच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला आपल्याच घरातली ही एक नोंद दिसली नव्हती. त्यांना स्वतःची फार शरम वाटली. ज्ञापनापेक्षाही ही शरम मोठी होती.

“उद्या मी घेऊन जातो,” ते हळूच म्हणाले. “जमा करून टाकतो.”

“तुम्ही नाही. मी नेलं, मी परत करीन. पण आधी माझा क्रमांक यादीत येऊ दे, सगळ्यांचा येतो तसा. वगळलेल्या माणसाने रांगेत उभं तरी कुठल्या तोंडाने राहायचं?”

नानांनी खुलाशाचे सात मसुदे केले. पहिल्यात ‘अनवधानाने’ हा शब्द होता, तिसऱ्यात ‘तांत्रिक कारणास्तव’ होता. सातव्यात एवढंच उरलं : ‘पुस्तक मी वापरले. क्रमांक पत्नीचा होता. वगळण्याची ओळ मी लिहिली. ती आज काढून टाकली आहे.’ आणि खरोखर त्याच दिवशी त्यांनी ती ओळ काढली. पातळी बदलून साधी सूचना केली. दुसऱ्या दिवशी अकराला ‘थकीत’ चालला तेव्हा एकही घंटी वाजली नाही, पण लॉगमध्ये गुपचूप नोंद झाली : ‘सभासद ८८ : थकीत, बारा वर्षे.’ रोज तशी होत राहिली. घरी नानी रोज विचारायच्या, “आले का आज?” आणि लॉग वाचायची परवानगी नसलेले नाना प्रोग्रॅमच्या भरवशावर सांगायचे, “आलीस.” पुस्तक मात्र टेबलावरून हललं नाही. नानींनी दिवस मनात ठरवून ठेवला होता.

मग तपासणीचा दिवस उजाडला. तपासनीस बारीक अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. सोळा प्रश्न त्यांनी अर्ध्या तासात उरकले आणि सतराव्याला मॅडमच्या पडद्यावर लॉग उघडायला सांगितला. नाना खुर्चीमागे उभे होते. त्यांच्या अर्जाच्या तिन्ही प्रती अजून विचाराधीन असल्यामुळे स्वतःचा लॉग त्यांनाही पहिल्यांदाच दिसत होता. तारीख, वेळ, प्रोग्रॅमचं नाव, मजकूर. अशी देखणी नोंद त्यांनी आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

तपासनीस दोनशे चौदा आणीबाण्यांपाशी थांबले. बोट फिरवत खाली आले आणि अठ्ठ्याऐंशीवर बोट ठेवलं.

“हे घरगुती कारण कोणाचं?”

मॅडम काही बोलणार होत्या, पण नानांनीच उत्तर दिलं. “माझं. सभासद माझी पत्नी. तिला मी अकरा वर्षं यादीतून वगळत होतो. अकरा फायलींमध्ये ही ओळ नाही, कारण छापण्याआधी मी ती रोज पुसत होतो. मॅडम म्हणाल्या होत्या ते खरं आहे. कागदावर कोणीही काहीही छापेल. मीच छापलं.”

नानांना वाटलं, गेला प्रोग्रॅम. पण खोटं सांगून वाचण्यापेक्षा हे बरं.

तपासनिसांनी चष्मा काढून पुसला. “या महिन्यात मी नऊ कार्यालयांचे लॉग बघितले,” ते म्हणाले. “सगळे कसे स्वच्छ. तपासणीच्या आदल्या दिवशी भरल्यासारखे. लिहिणाऱ्याने स्वतःचं पाप स्वतःच नोंदवलेला हा पहिलाच. असला लॉग कोणी बनावट करत नाही.” आणि सतराव्या प्रश्नासमोर त्यांनी ‘होय’ लिहिलं. शेरा म्हणून पुढे दोन शब्द जोडले, ‘चालू ठेवावा’. मॅडम खालमानेने हसल्या आणि ज्ञापन फायलीतून काढून त्यावर ‘खुलासा मान्य’ लिहू लागल्या.

नाना बाहेर आले. काउंटरपाशी रांग होती, आणि रांगेत चौथ्या क्रमांकावर, ठेवणीतली साडी नेसून, पुस्तक छातीशी धरून नानी उभ्या होत्या. पुढे टाइमकीपर होते. त्यांनी आपल्या जागी पुढे यायला सांगितलं तर नानी म्हणाल्या, “नको, माझा नंबर आला की मी देईन.” नाना तिथेच खांबाशी थांबले. मदत करायला गेले नाहीत.

नंबर आला. काउंटरवाल्या बाईंनी पुस्तक उघडलं. समास पेन्सिलीने भरले होते. एका पानावर तारीख होती आणि पुढे मोठ्या अक्षरात ‘चालला’ असं लिहिलं होतं.

“अगबाई, ह्यात कोणी एवढं लिहिलंय?”

“ह्यांनी,” नानी म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात नानांना जे ऐकू आलं ते बत्तीस वर्षांत कुठल्याही शेऱ्यात आलं नव्हतं. “तुमचा तो थकीत प्रोग्रॅम आहे ना, तो ह्याच पानावर पहिल्यांदा चालला. आता मला वाचायला एखादं चांगलं पुस्तक द्या. जाड द्या.”

नाना आपल्या टेबलापाशी गेले. त्यांनी लॉगर लिहिलं, थोडा विचार केला, पातळी आणीबाणी दिली, आणि हाताने एकच ओळ टाइप करून एन्टर मारला.

नऊ पडद्यांवर टुण झालं. वाचन कक्षात दहा-बारा हात सवयीने आपापल्या पिशव्यांकडे गेले. मॅडमनी काचेतून मान वर करून पाहिलं. पडद्यावर होतं : ‘सभासद ८८ : पुस्तक परत. बाकी काही नाही.’

नानी काउंटरच्या पडद्यावर ते वाचत होत्या. नाना जवळ आले तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “साधी सूचना म्हणून पाठवलं असतं तरी पोचलं असतं की.”

“ही बातमी साधी नव्हती,” नाना म्हणाले.